अ‍ॅम्प्लिफायर का गुणगुणतो?

तुमच्यापैकी काहींनी सुटे भाग आणून घरी अ‍ॅम्प्लिफायर जोडला असेल. तो बॅटरीवर चालणारा असेल तर एक सोपा प्रयोग करून पाहा. मायक्रोफोन काढून ठेवा आणि तो ज्या टोकाला जोडतात त्याला बोट लावा. लाऊडस्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येईल. बॅटरीचा प्रवाह तर एकाच दिशेने वाहतो. मग ही गुणगुण आली कोठून?

ती आली घरातील विजेच्या तारांकडून. त्यांतील 230 व्होल्टचा विद्युत्दाब सेकंदाला 50 आवर्तने करतो. त्याचे विद्युत्क्षेत्र खोलीभर पसरलेले असते आणि तुमचे शरीर एरियलसारखे ते टिपते. मायक्रोफोनची लांब तारही हेच करते.

आता थोडा हिशेब करू. तोंडाजवळ धरलेला साधा डायनॅमिक मायक्रोफोन सुमारे 2 मिलिव्होल्ट दाब देतो असे समजा. 8 ओहमच्या लाऊडस्पीकरला 10 वॅट शक्ती द्यायची तर सुमारे 9 व्होल्ट लागतात. म्हणजे दाब 4,500 पट वाढवावा लागतो. पण आपला आवाज कोणता आणि उपद्रव कोणता, हे अ‍ॅम्प्लिफायरला काय ठाऊक? तारेत शिरलेल्या 1 मिलिव्होल्ट उपद्रवाचेही तो 4.5 व्होल्ट करणार!

असंतुलित जोडणी

नेहमीच्या जोडणीत मध्ये एक तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी असते. जाळी अर्थला जोडलेली असल्याने बाहेरचे विद्युत्क्षेत्र आतल्या तारेपर्यंत फारसे पोचत नाही. परंतु या जाळीकडे दोन कामे असतात. ती संरक्षण करते आणि मायक्रोफोनच्या प्रवाहाचा परतीचा मार्गही तीच असते. त्यामुळे जाळीतून दुसरा कोणताही प्रवाह वाहिला, की त्याचा दाब मूळ संकेतात मिसळतो.

संतुलित जोडणी

तागडीच्या दोन सारख्या पारड्यांवर पाऊस पडला तर काटा हलेल काय? नाही, कारण दोन्हींत पाणी सारखेच साठेल. संतुलित जोडणीचे तत्त्व हेच आहे. येथे जाळीच्या आत दोन तारा असतात आणि अ‍ॅम्प्लिफायर त्या दोहोंतील दाबाचा फक्त फरक वाढवतो. समजा, एका तारेवर +1 आणि दुसरीवर –1 मिलिव्होल्ट संकेत आहे. दोघींवर 5 मिलिव्होल्ट उपद्रव आला, तर दाब 6 आणि 4 होतील. फरक मात्र 2 च राहील! उपद्रव दोघींना सारखा मिळावा म्हणून या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. ही युक्ती जुनी आहे. टेलिफोनच्या अशा तारांचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना 1881 साली मिळाले.

दोन तारांवर उलटसुलट संकेत असणे हेच या जोडणीचे मर्म आहे, असे पुष्कळांना वाटते. ते बरोबर नाही. सगळा 2 मिलिव्होल्ट संकेत एकाच तारेवर असला तरी दाब 7 आणि 5 होतील, म्हणजे फरक पुन्हा 2 च. खरे महत्त्व पारडी सारखी असण्याला आहे. दोन्ही तारांपासून अर्थपर्यंतचा विरोध समान हवा.

दोन दाबांतील फरक घेणारे मंडल घरीही करता येते. त्याला एक ऑप-अ‍ॅम्प आय.सी. आणि समान किमतीचे चार रोध, उदाहरणार्थ 10 किलो-ओहमचे, पुरतात. मात्र रोध निवडून घ्या. 5 टक्के फरकाचे रोध वापरले आणि जुळणी अगदी वाईट झाली, तर उपद्रवाचा दहावा हिस्सा शिल्लक राहतो. 1 टक्क्याच्या रोधांनी तो पन्नासाव्या हिश्शावर येतो.

मग प्रत्येक ठिकाणी संतुलित जोडणी हवी का? नाही. टेबलावरच्या मोबाइलपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत हातभर तार असेल आणि संकेत मिलिव्होल्टऐवजी अर्ध्या व्होल्टाचा असेल, तर साधी जाळीची तार पुरेशी आहे. सभागृहातील मायक्रोफोनची तार दहा-वीस मीटर लांब असली, की संतुलित जोडणीच हवी.

हे मात्र कधीच करू नका

विजेवर चालणारी दोन उपकरणे जाळीच्या तारेने जोडली की कधीकधी गुणगुण सुरू होते. दोन्ही आपापल्या प्लगमधून अर्थला जोडलेली असतात. त्या अर्थच्या दाबांत किंचित फरक असला तरी जाळीतून प्रवाह वाहू लागतो. अशा वेळी काही जण प्लगची अर्थची तार तोडतात. गुणगुण थांबते खरी, परंतु पुढे विजेची तार आतून सुटून पेटीला टेकली, तर पेटीवर आणि मायक्रोफोनच्या धातूवरही 230 व्होल्ट येतील. हातात मायक्रोफोन धरणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

म्हणून अर्थ तसाच ठेवा आणि जोडणी संतुलित करा. तिच्यात संकेत जाळीतून परतत नाही. त्यामुळे जाळीतून प्रवाह वाहिला तरी गाण्यात गुणगुण फारशी मिसळत नाही आणि गाणाराही सुरक्षित राहतो.