महिन्याचा किराणा : आधी वजन, मग रुपये

आज किराण्याबद्दल बोलू. फौजी माणसाला कॅन्टीन असतं, त्याला बाजाराचं काय कळणार, असं काहींना वाटेल. कॅन्टीनमधून आमच्याकडे साबण, चहा, बिस्किटं येतात. डाळ-तांदूळ मी रायपूरच्या बाजारातूनच आणतो, पेन्शनीतून, आणि खाणारे आम्ही चौघं.

फौजेत शिधा रुपयांवर ठरत नाही. एका जवानामागे दिवसाला काय किती ग्रॅम, याचं कोष्टक असतं. आम्ही त्याला स्केल म्हणतो. डाळ महागली म्हणून लंगरातलं वरण पातळ होत नाही. घरात उलटं होतं. आपण महिन्याचे रुपये ठरवतो, भाव चढतात, आणि पहिली कात्री डाळीला लागते. तेल तेवढंच, साखर तेवढीच, वरणात मात्र वाटीभर पाणी वाढतं. भाताने पोट भरतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. नुकसान होतं ते वाढत्या वयाच्या पोरांचं.

म्हणून घराचंही स्केल करा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम धरलं आहे. चार माणसं, तीस दिवस, गुणाकार करा. धान्य ३० किलो, डाळी १० किलोच्या थोड्या वर, तेल-तूप सव्वातीन किलो. डाळींच्या आकड्यातच अंडी, मासे, मटण धरलेलं आहे, तेव्हा खाणाऱ्यांनी ते वजा करावं. लहान मुलांना कमी, अंगमेहनत करणाऱ्याला जास्त. आता आपली मागच्या महिन्याची यादी काढून शेजारी ठेवा. माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत डाळ तीन-चार किलो निघाली आणि तेल पाच-सहा लिटर. डाळीचे पैसे तेलात जातात ते असे.

तेलाचं एक गणित नीट समजून घ्या. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे, साधारण ९१० ग्रॅम. पिशवीवर बारीक अक्षरात तेही छापलेलं असतं. १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच्याच शेजारी १५ किलोचा डबा मांडलेला असतो आणि दिसायला दोन्ही सारखे. तुलना करताना लिटरच्या भावात दहा टक्के मिळवा, किलोचा भाव हाती येतो.

पाकिटांचंही तसंच. पूर्वी बऱ्याच वस्तूंची पाकिटं ठरावीक वजनाचीच असत. ते बंधन निघालं, त्यामुळे ८५० ग्रॅमचं पाकीट किलोच्या तोऱ्यात उभं असतं. समजा त्याची किंमत ११९ रुपये आहे आणि शेजारचं किलोचं पाकीट १३६ ला आहे. हात ११९ कडे जातो, पण तो माल किलोला १४० रुपये पडतो. १ जानेवारी २०२४ पासून पाकिटावर एकक भाव छापणं सक्तीचं आहे. गंमत अशी, की किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅमला असतो आणि किलोच्या वरच्यावर किलोला. ०.१४ रुपये वाचून कुणाला काय बोध होणार? हजाराने गुणा. चष्मा सोबत ठेवा, अक्षर फार लहान असतं.

आता डाळ. इथे दुकानात तूरडाळीला राहर म्हणतात, नव्याने आलेल्या मराठी माणसाने गोंधळू नये. सगळी भरती तुरीची करायची गरज नाही. छत्तीसगडच्या मैदानी भागात हरभरा भरपूर पिकतो आणि चणाडाळ बहुधा तुरीपेक्षा स्वस्त असते. आमच्याकडे निम्मी तूर, निम्म्यात चणा, मसूर आणि अख्खी कडधान्यं. गुढियारी किंवा डूमरतराईच्या ठोक बाजारात भाव कमी असतो, पण पाच किलोसाठी ऑटोने गेलात तर वाचलेले पैसे भाड्यातच जातील. तीन घरांनी मिळून जावं. पावसाळ्यात मात्र महिन्यापुरतंच आणा, किडे हिशेब पाहत नाहीत.

तांदळात आम्ही एचएमटी घेतो. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून काढला आणि नाव दिलं मनगटी घड्याळाचं. इडली, डोसा, चिला यांना मात्र अख्खा दाणा भिजवणं मला उधळपट्टी वाटते. दुकानात कनकी मागा, म्हणजे आपली कणी. ती तांदळापेक्षा बरीच स्वस्त मिळते, आणि इथला फरा तर तिच्या पिठाचाही छान होतो. घेताना मूठभर तळहातावर पसरून खडे तेवढे पाहा.