मधूनच तुटणारे इंटरनेट : आधी निदान, मग उपचार

दूरच्या तज्ज्ञांचा सल्ला घरबसल्या घेणे आता अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि या पद्धतीला स्पष्ट चौकट लाभली. परंतु घरातील लॅपटॉप आठ-दहा वर्षांचा असेल, तर ऐन बोलण्यात चित्र गोठते आणि आवाज तुटतो. इन्सुलिनची मात्रा अर्धवट ऐकू आली, किंवा ‘जेवणापूर्वी’मधील ‘पूर्वी’ हरवले, तर ती केवळ गैरसोय राहत नाही.

मधूनमधून येणाऱ्या तापाचे निदान करताना वैद्य प्रथम विचारतो : केव्हा येतो, किती वेळ टिकतो, घरात आणखी कोणाला आहे का? येथेही तोच क्रम ठेवावा. दोन-तीन दिवस संपर्क तुटल्याची वेळ वहीत टिपून ठेवा. त्याच क्षणी त्याच वाय-फायवरील मोबाइलचेही इंटरनेट जाते का, ते पाहा. दोन्हींचे जात असेल, तर दोष राउटरमध्ये किंवा सेवा पुरवणाऱ्याकडे आहे. फक्त लॅपटॉपचे जात असेल, तर तो मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहा. तेथेही तीच रड असेल, तर दुखणे बहुधा लॅपटॉपचेच.

राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा. तो कपाटामागे न ठेवता उंच, मोकळ्या जागी असावा. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतो. जुने लॅपटॉप बहुधा याच पट्ट्यावर चालतात. म्हणून दूध तापवताना संपर्क तुटत असेल, तर नवल नाही. लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चालत असेल, तर तो निवडावा. मात्र भिंतींपलीकडे त्याचा जोर लवकर ओसरतो.

लॅपटॉपमध्ये वीज वाचवण्यासाठी वाय-फायचा भाग मध्येच झोपी जाण्याची सोय असते. विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर तशी खूण दिसल्यास ती काढून टाका. वाय-फायची जुनी नोंद पुसून पासवर्ड पुन्हा द्या. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर अद्ययावत करा. एका वेळी एकच बदल करावा. चार औषधे एकदम दिली, तर गुण कशाने आला ते कळत नाही.

पडदा हलवताच संपर्क जात असेल, तर बिजागरीतून जाणारी अँटेनाची तार दुखावलेली असू शकते. लॅपटॉप गादीवर ठेवू नये. हवेची वाट अडून तो तापतो. बॅटरी फुगल्याचे दिसल्यास मात्र वापर तत्काळ थांबवावा. एवढे करूनही गुण न आल्यास यूएसबीला लावण्याचा छोटा वाय-फाय अ‍ॅडॉप्टर घ्यावा, किंवा राउटरपासून थेट केबल जोडावी. केबल हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

सल्ल्याच्या दिवशी अर्धा तास आधी लॅपटॉप पुन्हा सुरू करा, अन्य खिडक्या बंद ठेवा आणि आपला मोबाइल क्रमांक डॉक्टरांना आधीच द्या. चित्र अडखळू लागले, तर कॅमेरा बंद करून केवळ आवाजावर बोलणे चालू ठेवा. शेवटी औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ आपण स्वतः म्हणून दाखवा व लेखी चिठ्ठी मागून घ्या.

आणि एक गोष्ट घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावी : छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास तुटलेला संपर्क जुळण्याची वाट पाहू नये. लॅपटॉप तसाच सोडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.