तान्ह्या मुलाच्या लघवीची धार पाहा

भाताच्या खाचरातून पाणी जायची वाट बुजली, की पाणी मागे तुंबते आणि बांध फुटतो. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतःच असा एक पातळ पडदा असतो. लघवी मागे तुंबते, मूत्रपिंडे फुगतात आणि वेळीच उपाय न झाल्यास निकामी होतात. अमेरिकेतील डॉ. ह्यू यंग यांनी १९१९ मध्ये या विकाराचे वर्णन केले. हा ग्रहणाचा, नजरेचा वा आईचा दोष नव्हे.

खुणा अशा : धार बारीक असणे, थेंबथेंब लघवी होणे, लघवीला कुंथणे. मुलगा असो वा मुलगी, कारणाशिवाय वारंवार ताप, उलट्या, वजन न वाढणे यांकडेही लक्ष द्यावे.

गरोदरपणी पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज दिसू शकते. जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी, लघवीची तपासणी आणि गरज पडल्यास मूत्राशयात नळीने औषध सोडून एक्स-रे काढतात. पडदा दुर्बिणीतून कापता येतो; पोट चिरावे लागत नाही. लघवी मूत्रपिंडाकडे उलटी चढण्याचा सौम्य दोष मात्र पुष्कळदा वयाबरोबर आपोआप जातो. तरीही तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी.

ताप आला म्हणून घरातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत, मुलाचे दूध-पाणीही तोडू नये. जांबोटीकरांनी खानापूरच्या सरकारी दवाखान्यात दाखवून, सांगितल्यास बेळगाव गाठावे. पेरणी चार दिवस थांबेल, मूत्रपिंड थांबणार नाही. मूल ही परमेश्वराची ठेव आहे. तिची राखण आपण करायची.