पिस्तुलाचा लवाजमा : खरा की खोटा?

समजा, मुदखेडच्या बाजारात एका माणसाने तुमच्यापुढे एक जुने गाठोडे सोडले. आत एक कातडी खोळ, दारूची पितळी कुपी, लोखंडी गज, गोळ्या ओतण्याचा साचा आणि तांब्याच्या इवल्याशा टोप्यांची डबी आहे. तो म्हणतो, “उदगीरच्या लढाईतल्या एका स्वाराच्या पिस्तुलाचा हा लवाजमा आहे.” विश्वास ठेवायचा का?

पिस्तूल टिकते, खोळ फाटते, गज हरवतो. म्हणून जुन्या पिस्तुलाबरोबर त्याचे मूळ साहित्य मिळाले, की किंमत बरीच वाढते. साहजिकच नकली साहित्यही बनते. ते ओळखायला विज्ञान कसे उपयोगी पडते, ते पाहू या.

प्रथम सनावळी तपासा. उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो १७६० साली. त्या काळच्या बंदुका-पिस्तुले जळत्या तोड्याने किंवा चकमकीच्या ठिणगीने पेट घेत. तांब्याच्या टोपीत मात्र आघाताने भडकणारे रसायन असते. अशी रसायने बंदुकीसाठी वापरण्याचे पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने घेतले ते १८०७ साली. टोपी तर त्यानंतरची. म्हणजे टोप्यांची डबी उदगीरची असणे शक्यच नाही! पण डबी चुकीची ठरली म्हणून खोळही खोटी ठरत नाही. प्रत्येक वस्तू वेगळी तपासली पाहिजे.

आता खोळ घ्या. आपल्याकडे कातडे बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीने कमावत असत. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या कृतीचे पेटंट अमेरिकेत १८८४ साली निघाले. क्ष-किरणांच्या साहाय्याने कातड्यातील मूलद्रव्ये ओळखता येतात. क्रोमियमने कमावलेले कातडे निघाले, तर ती खोळ १७६० सालची नाही.

खोळीच्या शिवणीवर जंबुपार किरण टाकले तर? काही आधुनिक धागे निळसर चमकतात. कापड अधिक शुभ्र दिसावे म्हणून त्यात घातलेली चकाकीद्रव्ये १९४० च्या दशकात प्रचारात आली. मात्र सावधान! आजच्या साबणाच्या पुडीतही ही द्रव्ये असतात. जुनी खोळ कोणी त्या पुडीने धुतली असेल, तर खरा धागाही चमकेल.

कुपीच्या झाकणाचा स्क्रू पाहा. पूर्वी कारागीर आटे हाताने पाडत. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या छिद्रात बसेलच असे नसे. व्हिटवर्थने १८४१ साली ५५ अंशांचे प्रमाणित आटे सुचवले. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश असतो. असा स्क्रू आढळला, तर निदान तो तरी नंतरचा आहे.

गज आणि साचा यांसाठी तुमच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर पुरेसा आहे. गज नळीच्या तळापर्यंत पोहोचला पाहिजे. साच्यातून निघणारी गोळी नळीच्या व्यासापेक्षा किंचित लहान हवी. मापे जुळली नाहीत, तर हे सोबती एकाच घरचे नव्हेत.

गंजही बोलका असतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची बंदुकीची दारू जळल्यावर तिचे निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपात मागे उरते. त्यातील क्षार हवेतील ओलावा शोषतात आणि लोखंडाला खड्डे पाडतात. नळी साफ करणाऱ्या गजालाही ते लागतात. शिवाय हात जेथे पडतो तेथे धातू झिजून गुळगुळीत होतो आणि कानाकोपऱ्यात गंज साठतो. नकली वस्तूला आम्ल फासले, की बहुधा सगळीकडे सारखाच गंज दिसतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली का? एखादी कसोटी दावा खोडून काढू शकते. पण एकाच कसोटीने तो सिद्ध होत नाही. जुन्या कातड्याचीही नवी खोळ शिवता येते! म्हणून अनेक कसोट्या लावायच्या आणि वस्तू कोठे, कोणाकडे, कशी मिळाली याची लेखी नोंद ठेवायची. खोटी वस्तू संग्रहालयात शिरली, तर ती पाहणाऱ्या सगळ्यांना खोटा इतिहास शिकवते.

तुमच्या घरी किंवा शेतात असे काही सापडले तर? कुपी उघडू नका, टोपीवर काही आपटू नका. जुनी दारूही पेट घेऊ शकते. पितळ चिंचेने घासू नका. चकचकीत होईल, पण पुरावा धुऊन जाईल. वडीलधाऱ्यांना सांगा. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या विक्रीवर १९७२ च्या कायद्याची बंधने आहेत, आणि शस्त्रांसाठी १९५९ चा शस्त्र कायदा आहेच.

आता गाठोड्याकडे पुन्हा पाहा. डबी बाद झाली. उरलेल्या चार वस्तूंपैकी आधी कोणती तपासाल, आणि का? वर्गात चर्चा करून पाहा.