भगत, मुळी आणि पाहुणे

पेरूमधल्या इक्विटोस आणि पुकाल्पा या शहरांच्या आसपास गेल्या काही दशकांत एक वेगळाच धंदा फोफावला आहे. आयावास्का नावाची वेल आणि चाक्रुना या झुडपाची पाने तासन्‌तास उकळून केलेला कडू काढा रात्रीच्या अंधारात प्यायचा, वैदूची गाणी ऐकत ओकायचे आणि मनावरचे जुने ओझे उतरले अशा भावनेने परतायचे, यासाठी जगभरातून माणसे तिथे पैसे मोजून येतात. आपल्या शहरी मध्यमवर्गालाही आता अशा ‘हीलिंग’ची ओढ लागली आहे, आणि त्यासाठी मुंबईहून फार लांब जायला नको. बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला तारापूरचे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने, 1969पासून वीज देणारे अणुकेंद्र. पूर्वेला महामार्ग ओलांडून विक्रमगड, जव्हार, मोखाड्याकडे निघाले की वारली, कोकणा, कातकरी यांचे पाडे, आणि तिथे आजही बोलावला जाणारा भगत. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना तारपानाच आणि रानभाज्या देणाऱ्या एखाद्या रिसॉर्टवाल्याला त्या यादीत ‘भगताचा विधी’ही जोडावासा वाटला तर नवल नाही. तो जोडू नये असे माझे म्हणणे आहे, आणि भगत भोंदू असतो हे त्याचे कारण नव्हे. भगताच्या उपचारात मुळी असते आणि विधी असतो. मुळी पाड्याबाहेर नेता येते, तपासता येते, विकताही येते. विधीचे तसे नाही, आणि पाहुण्याला हवा असतो तो विधीच.

वारली भगत दुखण्याचे मूळ शोधताना तांदळाचे दाणे पाहतो. शरीरात काय बिघडले यापेक्षा कुणाशी बिघडले, हे त्याला शोधायचे असते. कोणता नवस फेडायचा राहिला, कोणत्या पितराचा विसर पडला, घरातला हिरवा देव का रुसला, वाघदेवाचे देणे दिले का. हे देव कुळाचे, गावाचे, शिवाराचे असतात. देवापुढे कोंबडा कापला की भाऊबंद जमतात, जेवतात, आणि घरातले दुखणे चारचौघांचे होते. अंधेरीहून एकट्याने आलेल्या माणसाचे कुळ भगताला ठाऊक नसते आणि त्याचे ज्यांच्याशी बिनसले आहे ती माणसे अंधेरीतच राहिलेली असतात. त्याच्यासाठी दाणे पाहिले तरी ते कुणाबद्दल बोलणार? शिवाय वारे येते ते भगताच्या अंगात. रोग्याला काही पाजून दृष्टान्त घडवणे हा या विधीचा गाभा नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातही पूर्वी बऱ्याच ठिकाणी काढा वैदूच पीत असे, तोही रोग्याचे दुखणे ‘पाहण्यासाठी’. प्रत्येकाच्या हाती पेला देण्याची पद्धत पाहुण्यांच्या मागणीने वाढली. प्राचीन म्हणून जे विकले जाते त्यातला मुख्य भागच असा अलीकडचा निघतो.

मुळीची गोष्ट निराळी. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पिढ्यान्‌पिढ्या दिले जात होते. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावर आणि उन्मादावर होणारा त्याचा परिणाम लिहून ठेवला. 1949 साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले आणि 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातले रेसर्पिन वेगळे झाले. पुढे ते मनोरुग्णालयांतही गेले, काही रुग्ण त्याने खिन्न होतात अशा नोंदी झाल्या, आणि वापर आवरता घेतला गेला. कुड्याची सालही एके काळी पाड्यातून ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली होती, आमांशावरचे औषध म्हणून. पावसाळ्यात लालपिवळी फुले मिरवणाऱ्या कळलावीत कोल्चिसिन असते. तेच गाउटवरचे औषध आणि मात्रा चुकली तर जीव घेणारे विषही. किती द्यायचे, कधी द्यायचे, कुणाला द्यायचे नाही, ही जाणत्याची खरी विद्या, आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे. तारापूरच्या औषध कारखान्यांपासून ती काही फार लांब नाही. कारखान्याला तिच्याकडे जायला सवड नाही इतकेच.

यावर पहिला आक्षेप वारली चित्रांचा येईल, आणि तो वजनदार आहे. लग्नघराच्या भिंतीवर सवाशिणींनी काढायचा चौक, त्यात बसलेली पालघट देवी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने ही कला कागदावर आली, गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर पोहोचले, 2011 साली पद्मश्री झाले. विधीतून बाहेर पडून चित्राचे काही बिघडले नाही, पाड्यात पैसाही आला. मग भगताने काय घोडे मारले? पण कागदावर आले ते चित्र, लग्न नव्हे. धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावणे पाड्यातच राहिले, आणि चित्र विकत घेऊन आपले लग्न लागले असे कुणी गिऱ्हाईक समजले नाही. विधी विकत घेणारा मात्र आपण बरे झालो असे समजतो आणि चालू असलेल्या गोळ्या बंद करतो.

लोकांना अशा विधींनी बरे वाटते, हेही खोटे नाही. काही बुरशींत सापडणाऱ्या सायलोसायबिनचे नैराश्यावर प्रयोग चालू आहेत, आणि ऑस्ट्रेलियाने जुलै 2023पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना ते देण्याची परवानगी दिली आहे. पण तिथे आधी रुग्णाची तपासणी होते, मात्रा मोजून दिली जाते, शेजारी जबाबदार माणूस असतो. आयावास्कातली हार्मिनसारखी द्रव्ये नैराश्यावरच्या काही नेहमीच्या गोळ्यांबरोबर पोटात गेली तर घातक ठरू शकतात, आणि अशा ठिकाणी जाणारा माणूस त्याच गोळ्या घेणारा असू शकतो. भारतात 1985च्या अमली पदार्थ कायद्याने सायलोसायबिनही बंद आहे आणि आयावास्काच्या काढ्यातले डीएमटीही. अशा वेळी अद्भुताची मागणी पुरवायला कुणाचा हात उकिरड्यावरच्या धोतऱ्याकडे गेला, तर दृष्टान्ताआधी इस्पितळ गाठावे लागेल. ज्या गावात पाहुणे जातात त्याचे काय होते, हे मेक्सिकोतल्या उआउत्लाने पाहिले आहे. 1955 साली गॉर्डन वासन हे न्यूयॉर्कचे बँकर मारिया साबिना या मासातेक बाईच्या बुरशीविधीत बसले, 1957 साली त्यांनी लाइफ मासिकात त्यावर लेख लिहिला, आणि पुढच्या दशकात हिप्पींच्या झुंडी त्या डोंगरात शिरल्या. पोलीस आले, गाव बाईवर उलटले, तिचे घर जाळले गेले. आजाऱ्यांसाठी असलेला विधी देव शोधणाऱ्यांनी वापरून टाकला, ही तिची तक्रार होती.

उलट बाजूने विचारले जाईल की भगताची एवढी बाजू तरी का घ्यायची? ज्याच्या शब्दावर एखादी बाई ‘भुताळी’ ठरून मार खाते, ज्याच्या दारात सर्पदंशाचा मोलाचा वेळ जातो, तोच ना हा? तोच. महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरी उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले आहे, ते योग्यच झाले. गावातली नाती सांधण्याचा अधिकार ज्याला दिला, त्याच्याच हाती ती तोडण्याचाही अधिकार येतो. त्याला थोडाफार वचक असतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांचा; सोमवारी परत जाणाऱ्या पाहुण्याचा कसला वचक असणार?

राहतो तो पोटाचा प्रश्न, आणि तो मुळीनेच सोडवावा लागेल. केरळमधल्या कानी आदिवासींनी 1987 साली संशोधकांना आरोग्यपच्चा ही शीण घालवणारी वनस्पती दाखवली. तिच्यापासून झालेल्या ‘जीवनी’ या औषधाच्या परवाना शुल्काचा आणि स्वामित्वधनाचा निम्मा वाटा त्यांना द्यायचे ठरले, त्यासाठी 1997 साली न्यासही झाला. सगळे सुरळीत झाले नाही. ज्ञान सगळ्या जमातीचे असताना ते परस्पर का दिले, असा काही कानी वैदूंचा आक्षेप होता, आणि पाने गोळा करण्यावरून वनखात्याशीही वाद झाला. तरी वाटा मागता आला, कारण माहिती कुणी दिली हे नोंदले गेले होते. 2002च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पालघरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीतही अशी नोंदवही असायला हवी. 2023च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना वाटा देण्यातून मोकळीक मिळाली. भगताचे ज्ञान तोंडी आहे, म्हणून त्याचा हक्क अजून शाबूत आहे. त्या वहीत झाडाचे वारली नाव यावे, सांगणाऱ्याचे नाव यावे, आणि मात्रा किती हे ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुणाला दाखवू नये.