धाकटा की थोरला?

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई परवा दुपारी घरी आली. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, तरी त्या उठेनात. शेवटी पदराशी चाळा करीत म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, धाकटा बरा की थोरला?"

प्रकरण असं होतं. मुलीचे वडील ज्या दुकानात हिशेब लिहितात, त्या मालकांना दोन मुलगे. धाकट्यानं हिला वर्षभर स्कूटरवरून फिरवलं. घरात कुणकुण लागली तसा थोरला समजूत घालायला येऊ लागला, आणि आता तोच मागणी घालतोय!

मैत्रिणींनो, ऐकता ऐकता मला 'सॅब्रिना' आठवला. बिली वाइल्डरचा, ऑड्री हेपबर्नचा, १९५४ सालचा इंग्रजी चित्रपट. काजोल, अक्षयकुमार आणि सैफ अली खानचा १९९४ चा 'ये दिल्लगी' तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल. तो याच गोष्टीवर बेतलेला.

सॅब्रिना ही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरल्या एका गडगंज घराण्याच्या ड्रायव्हरची मुलगी. राहायला गॅरेजच्या माडीवर. बंगल्यातल्या मेजवान्या बघायच्या त्या झाडावर बसून. मालकांचा धाकटा डेव्हिड देखणा, तीन लग्नं मोडलेला. हिचा सगळा जीव त्याच्यात, आणि त्याचं हिच्याकडे लक्षही नाही. त्या दुःखात पोर जीव द्यायला निघते. थोरला लायनस तिला वेळेवर वाचवतो.

मग ती पॅरिसला जाते, स्वयंपाक शिकायला. तिथं एके दिवशी सगळ्यांचे पदार्थ टम्म फुगतात, हिचा मात्र कच्चाच. का, तर बाईसाहेब ओव्हन पेटवायलाच विसरल्या होत्या! मन थाऱ्यावर नसलं की आपलीही आमटी अळणी होतेच की.

दोन वर्षांनी ती परतते ती राजकन्येसारखी. डेव्हिड तिला ओळखतसुद्धा नाही, पण तिथल्या तिथं भाळतो. इकडे घरच्यांनी त्याचं लग्न एका साखरवाल्याच्या मुलीशी ठरवलेलं. लायनसला उसापासून प्लॅस्टिक काढायचा धंदा जमवायचाय ना! म्हणून तो स्वतःच सॅब्रिनाला फिरवू लागतो. हेतू एकच, तिला डेव्हिडपासून तोडून पॅरिसला परत धाडायचं. आणि या नाटकात तोच गुंतत जातो. शेवटी डेव्हिडच भावाला तिच्यामागं पाठवतो, आणि जहाजावर दोघं एकत्र येतात.

बघताना डोळे भरून येतात, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना मनात आलं, एक भाऊ तिच्या रूपाला भुलला, दुसरा धंदा सांभाळायला आला. तिला काय हवंय, ते कुणी धड विचारलं का? शिवाय पडद्यावर जहाज सुटलं की गोष्ट संपते. आपल्याकडे ती तिथं सुरू होते. थोरल्याच्या गळ्यात माळ घातली तरी धाकटा जातो कुठं? दीर म्हणून तो रोज पंगतीला समोर बसणार. उद्या दोघा भावांत दुकानाच्या वाटणीवरून जुंपली, तरी लोक म्हणणार, 'हिच्यामुळं!'

म्हणून त्या आईंना मी सांगितलं, "धाकटा की थोरला, हे आधी बाजूला ठेवा. मुलीला शांतपणे विचारा. थोरला पहिल्यांदा आला तो तिच्यासाठी, की घरची अब्रू वाचवायला? ते त्यानं तिला उघड सांगितलंय का? आणि धाकट्याला हे सगळं ठाऊक आहे का? जे भावासमोर बोलता येत नाही, ते लग्नानंतर फार जड जातं. दोघंही नसते तर तिनं यंदा काय केलं असतं, तेही विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं. वडिलांची नोकरी जाईल म्हणून ती 'नाही' म्हणायला भीत तर नाही ना?"

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "धाकट्यावरून आम्ही तिला मारलं हो, बाई. विचारलं मात्र काहीच नाही."

रविवारी मुलगी स्वतः आली. बी. एड. च्या अर्जाबरोबर काय काय कागद लागतात, ते विचारायला. दोघा भावांचं तिनं नावही काढलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. आम्ही दोघींनी मिळून कागदांची यादी केली.

तिचं उत्तर काय असेल, मला ठाऊक नाही. थोरला खरंच भला असेल, तर चार-सहा महिने थांबेल. थांबला नाही, तर तेही उत्तरच समजायचं. तुमच्या घरात वयात आलेली लेक असेल, तर असा प्रसंग यायची वाट बघू नका. भाजी निवडायला तिला शेजारी बसवा, आणि आजच विचारा.