पत्त्यातली चूक कोणी सुधारायची?

नुसतं 'तारापूर' लिहून पाकीट टाकलं, तर बोईसरच्या पोस्टमनला डोकं खाजवावं लागतं. किल्ल्याचं तारापूर गाव समुद्राकाठी, पिन ४०१५०२. अणुवीज केंद्राचा ४०१५०४. आणि 'तारापूर एमआयडीसी' म्हणतात ती प्रत्यक्षात बोईसरला खेटून, ४०१५०६. पालघर १ ऑगस्ट २०१४ला वेगळा जिल्हा झाला, तरी 'जि. ठाणे' लिहिणारे अजून भेटतातच. तरी टपाल पोचतं. श्रीराम वेलणकरांनी १९७२मध्ये सहा आकडी पिन दिला, उरलेलं पोस्टमन सांभाळून घेतो.

मेल सर्व्हरनेही असंच सांभाळून घ्यावं का? पहिल्या पिढीचं उत्तर 'हो' होतं. ईमेल पोचवण्याचे १९८२चे नियम लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांचं धोरणच होतं: पाठवताना काटेकोर राहा, घेताना सैल. तेव्हा इंटरनेटवर ओळखीपाळखीची मोजकी माणसं होती. पुढे स्पॅमवाल्यांनी त्या सैलपणाचं सोनं केलं. पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर मात्र भोवती कोनी कंस (< >) नसलेला पत्ता आजही मुकाट घेतो. ढिसाळ लिहिलेली सॉफ्टवेअरं तशीच बोलतात, त्यांना तोडून कसं चालेल?

खरेदी विभागातलं एक उदाहरण घ्या. एक्सेलमधून नाव उचललं, 'कदम, खरेदी विभाग', आणि पुढे कोनी कंसात पत्ता. नावाभोवती अवतरणचिन्हं नसली की स्वल्पविरामापाशी एकाचे दोन पत्ते होतात. पहिला नुसता 'कदम'. त्यात @ नाही, म्हणून अनेक सर्व्हर त्याला आपलंच डोमेन चिकटवतात, आणि थोड्या वेळाने 'असा कोणी कर्मचारी इथे नाही' असा निरोप परत येतो. कॉपी-पेस्टमधून आलेली न दिसणारी स्पेस तर याहून छळते: पत्ता पडद्यावर अगदी बरोबर दिसतो.

माझ्या मते सर्व्हरने नकार द्यायचा तो दारातच, समोरच्याशी बोलणं चालू असताना. मांडणी चुकली तर नकाराचा कोड ५०१, पेटीच नसेल तर ५५०. आधी मेल ठेवून घ्यायची आणि मग परत पाठवायची, हा उद्योग घातक. पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट असला तर परतीचा निरोप भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत पडतो, आणि असे निरोप ढिगाने गेले की आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जातो.

अंदाजाने दुरुस्ती तर नकोच. अंदाज चुकला तर मेल भलत्याकडेच जाते, आणि मांडणीत बिनचूक पण मुक्कामाला चुकलेला पत्ता कुठलीच चाळणी पकडत नाही. अमेरिकी लष्कराच्या '.एमआयएल'मधला आय गळून लाखांनी मेल मालीच्या '.एमएल'कडे गेल्याचं २०२३मध्ये उघड झालं. त्यातला एकही पत्ता व्याकरणाने चुकीचा नव्हता.

उलटही घडतं, आणि ते मला जास्त खटकतं. अधिक-चिन्ह असलेला वैध पत्ता कितीतरी ऑनलाइन फॉर्म नाकारतात. देवनागरी पत्त्यांचे नियम २०१२पासून आहेत, '.भारत' डोमेन पालघर जिल्ह्याच्याच महिन्यात, ऑगस्ट २०१४मध्ये, सुरू झालं. पण वाटेतल्या एका जरी सर्व्हरला ती सोय नसेल तर मेल तिथूनच परत फिरते, आणि अनेक फॉर्म देवनागरी अक्षर दिसताच 'योग्य ईमेल टाका' म्हणून लाल रेघ मारतात.